वीतभर उंच खांब

नेमाण्णा, तुम्ही गेल्याचा निरोप घेऊन तुमचा चुलतभाऊ सायकलवरून आला, तेव्हा मी शाळेत मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. तो दारात थांबला, टोपी काढून हातात धरली आणि नुसता उभा राहिला. मला कळलं. मुलं पाढा म्हणत पुढं गेली, मी त्यांना थांबवलं नाही. आवाज बंद झाला असता तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

आदल्याच आठवड्यात मिरजेच्या इस्पितळात तुम्हाला बघून आले होते. मुदतीच्या तापानं तुमचं अंग पार ओढून घेतलं होतं. मनगटं तेवढी पूर्वीसारखी जाड राहिली होती. तुम्ही मला शाळेचं विचारलंत, आमच्या विहिरीवरचं इंजिन अजून धूर टाकतं का विचारलंत, आणि मग आपला नेहमीचा विषय निघाला. मी म्हणाले, तुम्ही नसता केला तर दुसऱ्या कुणी केला असता तो खांब. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "दुसऱ्यानं केला असता, तर त्याचं त्यानं बघितलं असतं." मी उत्तर जुळवत होते तोवर नर्सबाई आली आणि मला उठावं लागलं. पुढच्या खेपेला बोलू, असं तुम्हीच म्हणालात.

सांगलीत तुमच्या दुकानापुढं बरीच माणसं जमली होती म्हणतात. चांगला फिटर गेला, आता इंजिनं कुणाकडं न्यायची, असं बोलत होती. खरंच आहे ते. पण माझा आणि तुमचा संबंध इंजिनामुळं जुळलेला नव्हता. तो जुळला एका बंदुकीमुळं, आणि ती बंदूक मी आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही.

माझ्या मालकांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. तुम्ही मात्र बोलताना सारखं 'श्रीपती, श्रीपती' करायचात आणि ते ऐकायला मला बरं वाटायचं. म्हणून आज इथं मीही ते नाव लिहिते. आमचं लग्न झालं आणि काही दिवसांतच श्रीपती पलटणीत भरती झाले. मग एकदा रजेवर आले ते तेवढेच. पुढं इटलीहून तार आली. मी त्यांच्याबरोबर जेवढे दिवस काढले त्याच्या कितीतरी पट तुम्ही काढलेत. वाळवंटात काढलेत, जहाजावर काढलेत, इटलीच्या चिखलात काढलेत. नवरा माझा होता, पण त्याला ओळखत होता तुम्ही.

लढाई संपून पलटण परतली, त्या वर्षीची सुगी उरकल्यावर तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडं आलात. खाकी पँट, पांढरा सदरा, हातात पिशवी. मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, लेकाचा सोबती म्हणून तुम्हाला पोटाशी धरलं. घोंगडं अंथरलं, आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, चहा ठेवायला सांगितला. मी दाराआड उभी होते. तुम्ही चहाला हात लावला नाहीत. मामंजींनी विचारलं, पोरगा कसा गेला ते तुमाला ठावं असंल. तुम्ही म्हणालात, "ठावं हाय, मामा. त्याची बंदूक ज्या खांबावर बसवली हुती, तो खांब मी केला हुता. माझं माप चुकलं. वीतभर उंच झाला. त्यापायी तो उघड्यावर आला."

मामंजी उठले, खांद्यावर पटका टाकला आणि मळ्यात निघून गेले. त्यानंतर ते तुमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. तुम्ही आलात की ते मळ्याची वाट धरायचे. एवढंच म्हणायचे, त्या माणसाला पाणी द्या, जेवू घाला, मला बोलायला लावू नका.

मी त्या दिवशी दाराबाहेर आले. विधवा बाईनं परक्या पुरुषापुढं येऊ नये, हे माहीत असूनही आले. तुम्हाला म्हणाले, तुमी जावा. तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात.

पण तुम्ही गेल्यावर मला चैन पडेना. खांब कसला? बंदूक खांबावर कशी बसते? हातात धरतात ना? उघड्यावर म्हणजे कुठं? तारेत तर एवढंच होतं की ते कामी आले. मला ते कुठं उभे होते तेही कळत नव्हतं. शेवटी शेजारचा एक जण सांगलीच्या बाजारला निघाला होता, त्याच्याबरोबर निरोप पाठवला, एकदा येऊन जा म्हणून. तुम्ही दुसऱ्याच दिवशी हजर झालात. मी म्हटलं, मला तोंडी सांगू नका, ते कसे उभे होते ते दाखवा.

तुम्ही अंगणात नजर फिरवलीत. बैलगाडी सोडलेली होती. जुवाखाली टेकू लावून तुम्ही ती सपाट केलीत, दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या केल्यात. म्हणालात, ही समजा कॅरिअर. पट्ट्यांवर चालणारी बुटकी लोखंडी गाडी, वर छत न्हाई. ह्या फळ्या म्हंजे पोलादी पत्रा, त्याच्याआड माणूस बसला की गोळी लागत न्हाई. इथं पुढं उजव्या अंगाला आनंदा बसायचा, तो गाडी हाकायचा. कडेगावकडचा आनंदा, पोरसवदा दिसायचा पण लय धीराचा. आणि हितं डाव्या अंगाला श्रीपती. पुढच्या पत्र्याला एक फट, तिच्यातून ब्रेनगनची, म्हंजे मशीनगनची, नळी बाहेर. बसूनच मारायचं.

"मग उभं कशाला राहायचं?" मी विचारलं.

तेव्हा तुम्ही मला सगळं पहिल्यापासून सांगितलंत. फटीतून फक्त समोरचं मारता येतं. वाळवंटात समोरून येत नव्हतं, वरून येत होतं. विमान खाली उतरायचं, गोळ्यांची रांग ओढत जायचं आणि बंदूक फटीत अडकलेली, तिची नळी वर होत नाही. माणसं गाड्या टाकून वाळूत पालथी पडायची. श्रीपतींना त्याची चीड होती. ते तुमच्याकडं आले. तुम्ही पलटणीची हत्यारं दुरुस्त करायचात. ते म्हणाले, नेमाण्णा, हिला वर बघता येईल असं कायतरी कर.

पहिला खांब तुम्ही जळालेल्या ट्रकच्या पाइपाचा केलात. गाडीच्या तळाला जोडलात आणि वर बंदूक बसवलीत. श्रीपतींनी बंदुकीचा घोडा ओढून पाहिला तर खांब असा थरथरला की एक गोळी ठिकाणावर नाही. ते म्हणाले, "ही बंदूक न्हवं गड्या, चाळण हाय." तुम्ही तो काढून टाकलात. दुसरा जाड केलात, आतल्या पत्र्याला वरून आणि खालून असा दोन जागी आवळलात, आणि बंदूक चहूकडं फिरावी म्हणून मोडक्या ट्रकच्या चाकातलं बेअरिंग काढून त्याच्या माथ्यावर बसवलंत. ते लोण्यासारखं फिरायचं. पण आठ दिवसांत आत वाळू गेली आणि नेमकं विमान आलं तेव्हा ते अडकलं. श्रीपतींनी खांदा लावून बंदूक फिरवली होती म्हणे, खांदा कितीतरी दिवस काळानिळा होता. मग त्यांनीच जुन्या बुटाचं कातडं कापलं आणि त्या बेअरिंगला पिशवी शिवून घातली. घरी ते विहिरीच्या कातडी मोटेला ठिगळ लावायचे, तेच टाके. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आत्याबाई आतून बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. त्यांना ते टाके माहीत होते.

त्यानंतर मात्र काम जमलं. साहेबानं येऊन बघितलं आणि सगळ्या कॅरिअरवर असे खांब बसवायला सांगितलं. विमान आलं की आता माणसं पळत नव्हती. गाड्या थांबायच्या आणि सगळ्या बंदुका एकदम वर व्हायच्या. विमानं पूर्वीसारखी खाली येईनाशी झाली.

बोलता बोलता तुम्ही घरातली पहार आणून गाडीच्या दोन फळ्यांच्या फटीत उभी केलीत, दोरीनं आवळलीत आणि तिच्या माथ्यावर एक काठी आडवी बांधलीत. मी लुगडं आवरलं आणि गाडीवर चढले. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. तुम्ही म्हणालात, "वहिनी, खाली उतरा, लोक बघत्यात." मी म्हटलं बघू देत. मी त्या पहारीमागं उभी राहिले आणि काठी दोन्ही हातांनी धरली. फळी माझ्या कमरेपाशी होती. तिच्या वरचं माझं सगळं अंग मोकळं होतं. अंगणाच्या भिंतीपलीकडं आमचा मळा दिसत होता, ओढा दिसत होता, पार पलीकडचं देवळाचं शिखर दिसत होतं.

मग तुम्ही इटलीचं सांगितलंत. तिथं विमानं फारशी नव्हती. तिथं दगडी बांध होते, झाडी होती, नद्या होत्या. विमानासाठी केलेला खांब माणसं जमिनीवरच्या लढाईला वापरू लागली, कारण उभं राहिलं तरच बांधापलीकडचं दिसायचं. तुम्ही प्रत्येकाला सांगत होता, वरून काही येत नसेल तर खाली बसा. कुणी ऐकत होतं, कुणी नव्हतं. एका नदीकाठच्या गावापाशी आपली माणसं जखमी होऊन उघड्या वावरात पडली होती. त्यांना आणायला डोलीवाले पुढं गेले आणि पलीकडच्या बांधाआडून त्यांच्यावर गोळ्या सुरू झाल्या. आनंदानं कॅरिअर डोलीवाल्यांच्या आणि बांधाच्या मध्ये घातली. श्रीपती उभे राहिले आणि डोलीवाले परत येईपर्यंत मारत राहिले. डोलीवाले परत आले. श्रीपतींच्या छातीत गोळी लागली होती.

आनंदानं गाडी मागं आणली. तुम्ही ती धुतलीत. ती बंदूक उघडून, पुसून, तेल घालून परत जोडलीत, कारण सकाळी दुसरा माणूस तीच गाडी घेऊन पुढं जाणार होता. मग करवत घेऊन तो खांब वीतभर कापलात.

मी गाडीवरूनच विचारलं, "ते बसले असते तर वाचले असते?"

"व्हय, वहिनी. बसला असता तर वाचला असता."

"आणि खांब बुटका असता तर?"

तुम्ही पहारीकडं बघत म्हणालात, "तर वाकून ऱ्हायला असता. वाचला असता."

मी खाली उतरले. मी रडले नाही. तुम्ही पहार सोडवलीत, जागेवर नेऊन ठेवलीत, फळ्या उतरवल्यात आणि बैलगाडी होती तशी करून दिलीत. त्या दिवशी माझा तुमच्यावरचा राग पक्का झाला. आधी तो नुसता धगधगत होता, आता त्याला माप मिळालं होतं. वीतभर.

पण राग असूनही मी तुम्हाला येऊ नका म्हटलं नाही. तुम्ही येत राहिलात, दिवाळीला, यात्रेला, कधी इंजिनाच्या निमित्तानं. आणि दर वेळी तुम्ही माझ्यासाठी श्रीपतींचं काहीतरी घेऊन यायचात. ते चहात साखर घालायचे नाहीत, गुळाचा खडा दातात धरून चहा प्यायचे. पाऊस पडला की आमच्या मळ्यात आता काय चाललं असेल ते मोठ्यानं सांगत बसायचे. बंदुकीवर चिडले की म्हशीवर ओरडावं तसं ओरडायचे. एकदा तुम्ही सांगितलंत की त्यांनी कॅरिअरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं 'तारा' असं लिहिलं होतं, बंदुकीलाही ताराच म्हणायचे. मला ते आवडलं नाही. माणसं मारायच्या वस्तूला माझं नाव कशाला, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "वहिनी, त्याला दुसरं नाव ठावंच न्हवतं."

नेमाण्णा, त्या वाक्यासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. ते ऐकून मी चूल फुंकायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही, एवढंच तुम्ही पाहिलंत. माझ्या नवऱ्याची ओळख मला तुमच्याकडून झाली. लग्नानंतरच्या त्या थोड्या दिवसांत आम्ही एकमेकांकडं धड बघितलंही नव्हतं.

शाळेचंही तसंच. मी लग्नाआधी थोडं शिकलेली होते. सातवीच्या फायनलला बसा, मास्तरीण व्हा, हे तुमच्याच डोक्यातून निघालं. आत्याबाईंना तुम्ही पटवलंत, आणि आत्याबाईंनी मामंजींना. तुम्ही सुचवलंय हे मामंजींना आम्ही दोघींनी कळू दिलं नाही.

आपण भांडलोही पुष्कळ. तुम्ही जैनाच्या घरातले. भरती होताना तुम्ही अव्वांना, तुमच्या आईला, शब्द दिला होता की हत्यार दुरुस्त करीन पण चालवणार नाही, आणि तो शब्द तुम्ही शेवटपर्यंत पाळलात. बंदूक दुरुस्त झाली की ओढून बघायचं काम श्रीपतींचं. गावाकडं परत आल्यावर भूमिगत चळवळीतली पोरं तुमच्याकडं एक गंजलेलं पिस्तूल घेऊन आली होती, तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत की सायकल आणा, फुकट नीट करून देतो, हे परत न्या. ती पोरं चिडली, इंग्रजाची हत्यारं नीट केलीस आणि आमची नको का म्हणून. तो प्रसंग तुम्ही मला सांगितलात तेव्हा मीही बोलले. म्हणाले, तुम्ही गोळी उडवली नाही, पण उडेल अशी केली, त्यात फरक काय? तुम्हाला ते लागलं. म्हणालात, "अव्वा हेच म्हणत असंल मनात. तोंडानं कवा बोलली न्हाई. लढाईचं एक अक्षर तिनं मला इचारलं न्हाई."

आणि तो नेहमीचा वाद. मी म्हणायचे, तुमच्या खांबामुळं विमानं लांब राहिली, किती तरी माणसं वाचली असतील. तुम्ही म्हणायचात, वाचलेली माणसं कोण ते मला माहीत नाही, गेलेला माहीत आहे. गंमत बघा, राग माझा होता आणि तुमची बाजूही मीच मांडत होते.

आता तुमच्या घरचं सांगते.

सुतक फिटल्यावर मी तुमच्या गावी गेले. आत्याबाई म्हणाल्या, जाऊन ये. मामंजी मळ्यात निघून गेले. कृष्णाकाठच्या त्या रस्त्यानं मी पहिल्यांदाच येत होते. तुमच्या ओट्यावर एक माणूस बसला होता, मिशा पांढरट व्हायला लागलेल्या, लष्करी कोट घातलेला. त्यानं मला विचारलं, आपण श्रीपतीच्या घरच्या का? मी हो म्हटलं. तो उठून उभा राहिला. तो आनंदा होता.

लढाईनंतर तो पलटणीतच राहिला, काश्मीरला जाऊन आला, आता पेन्शनीत निघालाय. म्हणून तो मला कधी भेटला नव्हता. आम्ही ओट्यावर बसलो. त्यानं तुमचं सांगितलं, श्रीपतींचं सांगितलं. मी म्हटलं, सगळं माहीत आहे मला, नेमाण्णांनी सांगितलंय, त्यांचं माप चुकलं आणि खांब वीतभर उंच झाला.

आनंदानं विचारलं, "माप चुकलं? कुणाचं, नेमाण्णाचं?"

मग तो म्हणाला, वहिनी, आता तो गेला, आता सांगायला हरकत नाही. सगळ्या गाड्यांवरचे खांब बुटके होते. नेमाण्णानं मुद्दाम तसे केले होते, मारणाऱ्याला वाकावं लागेल, अंग पत्र्याआड राहील असे. श्रीपती उंच माणूस. त्यांना वाकून दिसायचं नाही, पाठ भरून यायची. ते नेमाण्णाच्या मागं लागले, वीतभर वर घे. नेमाण्णा नको म्हणाला. रोज मागायचे, रोज तो नको म्हणायचा. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आनंदा मध्ये पडला. नेमाण्णा म्हणाला, "तुझी छाती वर येतीया, मी न्हाई करायचा." श्रीपती म्हणाले, "वाकून मारायला मी काय चोर हाय? मला समदं दिसलं पायजे." शेवटी ते साहेबाकडं गेले आणि हुकूम घेऊन आले. हुकमापुढं नेमाण्णाचं चाललं नाही. त्यानं तो एकच खांब वीतभर उंच केला.

नेमाण्णा, तुमचं माप कधी चुकत नाही, हे तासगावपासून मिरजेपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माप चुकलं म्हणालात आणि मी ते मानलं. मी आनंदाला विचारलं, मग ते मला असं का म्हणाले?

आनंदा म्हणाला, परत येताना जहाजावर त्यानं आम्हाला सांगितलं होतं की मी तिला भेटणार आहे, आणि हे कुणी तिच्या कानावर घालायचं नाही. म्हणाला, "बाई रागावणार. ती गेलेल्या मालकावर रागावली तर जन्मभर कुणाशी भांडणार? माझ्यावर रागावली तर चालतंय."

मला तुमचा राग आला, नेमाण्णा. खरं सांगते. श्रीपतींचा आला आणि तुमचाही आला. तुम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलंत, त्यांनी कसं उभं राहायचं ते त्यांनी ठरवलं आणि मी कुणावर रागवायचं ते तुम्ही. मला कुणी विचारलं नाही. आणि मामंजी? त्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं ते तुम्ही इतकी वर्षं सोसलंत, आमच्या अंगणात येत राहिलात, त्यांना पाठमोरं मळ्याकडं जाताना बघत राहिलात. एक वाक्य बोलला असतात तर ते थांबले असते. तुम्ही बोलला नाहीत.

आतून अव्वांनी मला बोलावलं. त्या भिंतीला टेकून चटईवर बसल्या होत्या. मी पाया पडले, कोण ते सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं. मग विचारलं, "इस्पितळात तापात एकच बोलायचा गं. वीतभर, वीतभर. मी लय इचारलं, काय वीतभर, बाळ? सांगायचा न्हाई. तुला ठावं हाय?"

नेमाण्णा, तासाभरापूर्वी हे मला विचारलं असतं तर मी चुकीचं उत्तर दिलं असतं. म्हणाले असते, त्यांचं माप चुकलं होतं. मी आनंदालाही आत बोलावलं. त्यानं आणि मी मिळून अव्वांना सगळं सांगितलं. कॅरिअर काय असते, बंदूक कुठं बसते, खांब बुटका का केला होता, माझ्या मालकांनी काय मागितलं, तुम्ही किती वेळा नको म्हणालात, आणि मग हुकूम कसा आला. अव्वांना गाडी आणि बंदूक किती कळली ते मला माहीत नाही. त्या एकाच गोष्टीपाशी थांबल्या.

"म्हंजे माझा लेक नको म्हणाला हुता."

"व्हय, अव्वा. नको म्हणाले होते."

"लय येळा?"

"रोज," आनंदा म्हणाला.

अव्वांनी पदरानं तोंड पुसलं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. त्या उठल्या, तुमच्या चुलतभावाच्या बायकोला हाक मारली आणि म्हणाल्या, पाट मांडा, ही लांबनं आलीया, दिवस बुडायच्या आत हिला आणि आनंदाला जेवायला वाढा. तुमच्या घरात दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत, म्हणून त्यांची घाई चालली होती. भाकरी, वांग्याची भाजी, दही. अव्वा माझ्यासमोर बसून राहिल्या. मला वाढत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, तुझे मालक किती उंच होते गं? मी हात वर करून दाखवलं.

घरी आल्यावर मामंजींना सांगायचं होतं. तुमच्या अव्वांना सांगणं सोपं होतं, हे अवघड होतं. त्यांच्या लेकानंच मागितलं, हे मी त्यांना कसं सांगायचं? पण तुम्ही केलंत तसं मला करायचं नव्हतं. सकाळी ते दातण करत होते तेव्हा मी आत्याबाईंना जवळ बोलावलं आणि दोघांनाही सांगितलं, आनंदानं सांगितलं तसं, काही न गाळता. आत्याबाई रडल्या. मामंजी हातातलं दातण फिरवत राहिले. मग म्हणाले, "तसाच हुता तो. आडवं न्यायला गेलं की उभं नेणार." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तो माणूस माझ्या दारात येत हुता आणि मी मळ्यात जात हुतो."

आज सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला आणि तुमच्या गावाला निघाले. मी म्हटलं बैलगाडी जुंपते, कुणाला तरी बरोबर देते. नको म्हणाले. चालत गेले. अव्वांशी काय बोलणार ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आता संध्याकाळ होत आलीय आणि मी ओट्यावर बसून हे लिहितेय. ते अजून परतले नाहीत. आत्याबाई दोनदा येऊन रस्त्याकडं बघून गेल्या. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, दिवस बुडायच्या आत अव्वांनी त्यांना जेवायला बसवलं असेल.